बापाच्या खांद्यावर दोन तारे, मुलाच्या खांद्यावर दोन तारे. आधी हात कोणाचा उठणार?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील पायदळात सुभेदार, 26 वर्षं नोकरी झालेली. धाकट्या भावाला डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीतून कमिशन, म्हणजे अधिकारपदाची नेमणूक, मिळतंय, तो लेफ्टनंट होतोय. पासिंग आउट परेडला वडील गणवेशात जाणार आहेत आणि घरात वाद पेटलाय. आजी म्हणते, बापानं पोराला सॅल्यूट ठोकायचा म्हणजे कलियुगच झालं. भाऊ म्हणतो, मी आधी त्यांच्या पाया पडणार. वडील काहीच बोलत नाहीत, नुसते हसतात.

ते का हसतात ते मला ठाऊक आहे. मी सुभेदार मेजर होऊन निवृत्त झालो, त्याआधी बरीच वर्षं ड्रिलचा उस्ताद होतो. माझ्या मुलाच्या वयाच्या किती लेफ्टनंटांना सॅल्यूट केले त्याची मोजदाद नाही, आणि त्यातल्या एकाही वेळी मला कमीपणा वाटला नाही. तेव्हा उत्तर आधी देऊन टाकतो. सॅल्यूट वडील आधी करतील. भावानं तो घ्यायचा, म्हणजे तितक्याच कडक हातानं परत करायचा. पाया पडणं त्याच्यानंतर.

आता खांद्यांकडे बघा, कारण फोटोत नातेवाइकांचा घोळ तिथेच होणार आहे. सुभेदाराच्या खांद्यावर दोन तारे असतात आणि लेफ्टनंटच्याही खांद्यावर दोनच. फरक एवढाच की सुभेदाराच्या खांद्यावर लाल-पिवळी-लाल पट्टी असते, लेफ्टनंटच्या खांद्यावर ती नसते. नायब सुभेदाराला एक तारा आणि पट्टी, सुभेदार मेजरला अशोकस्तंभ आणि पट्टी. बिनपट्टीचा अशोकस्तंभ दिसला तर तो मेजर. बोटभर रुंदीच्या या पट्टीनं सैन्यातली सगळ्यात मोठी रेघ ओढलेली आहे. एका बाजूला जेसीओ, दुसऱ्या बाजूला अधिकारी.

जेसीओ म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर. नावातच कमिशन आहे, हे लोक विसरतात. तुमच्या वडिलांना शिपायापासून हवालदारापर्यंत सगळे सॅल्यूट करतात आणि ‘साहब’ म्हणतात. अधिकारीसुद्धा त्यांना ‘सुभेदार साहब’ असंच हाक मारतो, नुसतं नाव घेत नाही. म्हणजे आजी समजते तसं वडील आयुष्यभर फक्त सॅल्यूट करत आलेले नाहीत. दिवसाकाठी केले त्याच्या कित्येक पट त्यांनी घेतलेत.

तरी आजीचा राग अगदीच बिनबुडाचा नाही, हेही सांगतो. ही मधली पायरी इंग्रजांच्या काळची. तेव्हा तिला व्हाइसरॉयचं कमिशन म्हणत, त्या सुभेदाराचा हुकूम फक्त भारतीय सैनिकांवर चालायचा आणि 30 वर्षं नोकरी झालेला सुभेदारही कालच आलेल्या गोऱ्या पोराच्या खालीच राहायचा. स्वातंत्र्यानंतर नाव बदलून जेसीओ झालं, पायरी राहिली. ती का राहिली याचं माझं उत्तर असं: पलटणीला एक माणूस असा लागतो जो जवानांतूनच वर आलाय आणि तरी अधिकाऱ्यांच्या बरोबरीनं बसून बोलू शकतो. पण पायरीचा जन्म कशातून झाला ते झाकायचं कारण नाही.

आता तुमच्या भावाच्या अंगावर येणारी गोष्ट. सॅल्यूट माणसाला नसतो, त्याच्या खांद्यावरच्या राष्ट्रपतींच्या कमिशनला असतो, हे वाक्य तो चार वर्षं ऐकत आला असेल. वाक्य बरोबर आहे पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं की सॅल्यूट ही देवाणघेवाण आहे. सुरुवात कनिष्ठानं करायची, पुरी वरिष्ठानं करायची. कनिष्ठ चुकला तर तो शिस्तभंग. फारच ताणलं तर 1950 च्या आर्मी ॲक्टचं कलम 63, म्हणजे सुव्यवस्था आणि शिस्तीला बाधा, ते लागू शकतं. प्रत्यक्षात तिथवर कोणी जात नाही, उस्तादाचा एक आवाज पुरतो. पण वरिष्ठानं सॅल्यूट घेतला नाही तर पलटणीत काय होतं ते कलमांत लिहिलेलं नाही.

एकदा आमच्याकडे नवा लेफ्टनंट आला होता. हुशार पोरगा. क्वार्टर गार्ड, म्हणजे पलटणीची पहाऱ्याची चौकी, तिच्यासमोरून फोनवर बोलत निघाला. पहाऱ्यावरच्या संत्र्यानं त्याला शस्त्रासह सॅल्यूट दिला, यानं मानही हलवली नाही. दुपारपर्यंत ही बातमी कुकहाउसपर्यंत पोचली होती. संध्याकाळी मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, “साहब, सकाळचा एक सॅल्यूट आपल्याकडे उधार राहिलाय.” त्याला आधी कळलंच नाही. कळल्यावर मात्र तो तसाच क्वार्टर गार्डकडे चालत गेला. तो संत्री ड्यूटी संपवून गेला होता, तर त्याच्या बराकीत जाऊन भेटला. पुढे त्या अधिकाऱ्याच्या हाताखाली लोक आनंदानं राबले. नव्या साहेबाला हे शिकवणं सुभेदार मेजरचं काम असतं, आणि ते चार लोकांसमोर करायचं नसतं.

म्हणून भावाला सांगा, त्या दिवशी परीक्षा वडिलांची नाही, त्याची आहे. बापाचा हात कपाळाशी गेलेला बघून पोरं गडबडतात. कोणी हात पकडून खाली घेतं, कोणी मध्येच गळ्यात पडतं. तसं करायचं नाही. वडिलांनी हात उठवला की आपलाही उठवायचा, डोळ्याला डोळा भिडवायचा, सॅल्यूट पूर्ण होऊ द्यायचा. त्या दोन सेकंदांत घाई केली तर वडिलांच्या 26 वर्षांच्या सवयीला अर्ध्यावर तोडल्यासारखं होतं.

वेळेचंही भान ठेवा. सकाळी परेडला उभा असतो तो अजून कॅडेट, म्हणजे शिकाऊच असतो, त्याला कोणी सॅल्यूट करत नाही. परेड संपताना ही मुलं ‘अंतिम पग’, म्हणजे अकॅडमीतलं शेवटचं पाऊल, ओलांडतात, मग पिपिंग होतं, म्हणजे आई-वडील खांद्यावरचे तारे उघडे करतात. वडील स्वतःच्या हातानं तारा उघडतील, एक पाऊल मागे सरकतील, सावधान होतील आणि सॅल्यूट करतील. हा क्रम उलटा झाला, उत्साहाच्या भरात वडिलांनी परेडच्या आधीच सॅल्यूट ठोकला, तर तो कॅडेटला ठोकलेला सॅल्यूट होईल आणि मैदानावरचे सगळे उस्ताद मनात हसतील.

तुम्ही पुढे विचारलंय की हवालदाराला सॅल्यूट का नाही, तोही वीस वर्षं नोकरी करतोच की. नोकरीच्या वर्षांवर सॅल्यूट ठरत नाही, कमिशनवर ठरतो, आणि हवालदाराकडे कमिशन नसतं. मी रंगरूट असताना पहिल्याच आठवड्यात एका हवालदार उस्तादाला सॅल्यूट ठोकला होता, कारण त्यांचा बेल्ट सगळ्यात जास्त चमकत होता. ते म्हणाले, “हाथ नीचे. कंधा देख, बाजू मत देख.” स्थलसेनेपुरता हा नियम आजही सोपा आणि पक्का आहे. हुद्दा खांद्यावर असेल तर सॅल्यूट. दंडावर फिती असतील, म्हणजे लान्सनायक, नायक, हवालदार, तर सॅल्यूट नाही, पण बोलताना सावधान उभं राहायचं. आणि लांबून खांदा नीट दिसत नसेल तर हात उठवून मोकळं व्हावं. जास्तीच्या सॅल्यूटची शिक्षा कधी कोणाला झालेली मी पाहिली नाही.

तिन्ही दलांचं मात्र जरा सांभाळून. तिथे हुद्द्यांची नावं फसवतात. नौदलातला लेफ्टनंट हा स्थलसेनेतल्या कॅप्टनच्या बरोबरीचा. म्हणजे तुमच्या भावाला उद्या पांढऱ्या गणवेशातला ‘लेफ्टनंट’ भेटला तर नाव एकच असूनही आधी हात भावाचा. त्याच्या बरोबरीचा नौदलात सब लेफ्टनंट असतो आणि वायुदलात फ्लाइंग ऑफिसर. त्याहून मोठी फसगत कॅप्टनची. स्थलसेनेतला कॅप्टन पंचविशीतला असू शकतो, नौदलातला कॅप्टन म्हणजे आपल्या कर्नलच्या आणि वायुदलाच्या ग्रुप कॅप्टनच्या बरोबरीचा माणूस. एक आख्खं जहाज त्याच्या हवाली असतं.

हातही वेगवेगळे. स्थलसेनेत पंजा उघडा आणि समोर, अंगठ्यासकट सगळी बोटं जुळलेली, मधलं बोट उजव्या भुवईच्या टोकाशी, दंड जमिनीला समांतर. नौदलात तळवा खाली जमिनीकडे. जहाजावरच्या खलाशांचे हात डांबरानं आणि ग्रीसनं काळे असायचे, ते अधिकाऱ्याला दिसू नयेत म्हणून तळवा खाली, असं नौदलातली मंडळी सांगतात. वायुदलाचा सॅल्यूट पूर्वी आमच्यासारखाच होता. मार्च 2006 मध्ये त्यांनी बदलला आणि पंजा साधारण 45 अंशांत आणला, ना आमचा ना नौदलाचा. परेडवर तिन्ही तुकड्या शेजारी उभ्या असल्या की हे फार सुंदर दिसतं. ज्याचा त्याचा सॅल्यूट ज्यानं त्यानं करायचा. समोरचा नौदलाचा आहे म्हणून आपला तळवा खाली वळवायचा नाही.

बाहेर देशांत आणखी प्रकार. पोलंडचा सैनिक फक्त दोन बोटांनी सॅल्यूट करतो. अमेरिकेच्या स्थलसेनेत कार्यालयात वरिष्ठासमोर हजर होताना उघड्या डोक्यानंही सॅल्यूट चालतो. आपल्याकडे टोपी, बेरे किंवा पगडी डोक्यावर नसेल तर सॅल्यूट नाही. सावधान व्हायचं आणि तोंडानं ‘जय हिंद साहब’ किंवा ‘राम राम साहब’. सिनेमातले नायक बोडक्या डोक्यानं सॅल्यूट ठोकतात तेव्हा आमच्या घरात मी सोडून कोणाला काही वाटत नाही.

टोपीचा हा हट्ट कुठून आला, त्यालाही इतिहास आहे. सरदार लोक शिरस्त्राणाची जाळी वर करून चेहरा दाखवायचे, त्यातून सॅल्यूट आला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. ऐकायला छान आहे, पुरावा कोणी दाखवत नाही. कागदावर सापडतं ते वेगळं. अठराव्या शतकापर्यंत इंग्रज सैनिक वरिष्ठासमोर टोपी काढायचे. 1745 मध्ये कोल्डस्ट्रीम गार्ड्स पलटणीत हुकूम निघाला की टोपी काढू नका, नुसता हात टोपीला लावा आणि किंचित झुकून पुढे जा. सारख्या काढून-घालून टोप्या आणि त्यांवरची जरी खराब व्हायची, असंही त्या काळच्या दुसऱ्या एका पलटणीच्या हुकुमात आहे. म्हणजे जगभरच्या या दिमाखामागे बहुधा टोप्यांच्या खर्चाची काळजी आहे. मला हे कारण जास्त पटतं. सैन्यात सामानाचा हिशोब ठेवणारा क्वार्टरमास्टर सगळ्यांना पुरून उरतो.

आता रोजच्या वापरातलं, जे भावाला आणि तुम्हालाही उपयोगी पडेल. समोरून अधिकारी येत असेल तर साधारण तीन पावलं अलीकडे हात उठवायचा, मान त्याच्याकडे वळवायची, तो मागे गेल्यावर हात खाली. पळता पळता सॅल्यूट नाही. दोन्ही हातांत सामान असेल तर सामान टाकायचं नाही, मान वळवायची आणि तोंडानं अभिवादन करायचं. गाडी चालवणाऱ्यानं स्टिअरिंग सोडायचं नाही. दोन-तीन अधिकारी एकत्र असले तर सॅल्यूट त्यांतल्या ज्येष्ठाला, आणि परत करायचा तोही त्यानंच. बाकीच्यांनी हात उठवले तर पंखे फिरल्यासारखं दिसतं. जवानांचा घोळका असेल तर त्यांतला ज्येष्ठ सगळ्यांना सावधान करतो आणि एकटा सॅल्यूट करतो. ऑफिसर्स मेसमध्ये टोपी काढलेली असते, त्यामुळे तिथे सॅल्यूट नाही, पण आत शिरताच ज्येष्ठांना ‘गुड इव्हनिंग सर’ म्हणणं चुकवलेलं चालत नाही.

दोघेही साध्या कपड्यांत असतील तर? तुमच्या वडिलांनी घरी, लग्नात, एसटी स्टँडवर मुलाला सॅल्यूट करायची काही गरज नाही. तिथे मुलगा पाया पडेल आणि बाप पाठीवर हात ठेवेल. गणवेश उतरला की नातं नात्याच्या जागी. निवृत्त माणसाचंही तेच. सेवेतल्या जवानानं मला सॅल्यूट केलाच पाहिजे असं नाही. केला तर त्याचं प्रेम.

सीमेवरच्या पुढच्या चौक्यांवर तर सॅल्यूट टाळतातच. दुर्बिणीतून बघणाऱ्या शत्रूच्या नेमबाजाला साहेब कोणता हे आपणच बोट दाखवून सांगितल्यासारखं होतं. भाऊ पुढे अशा ठिकाणी गेला आणि कोणी हात उठवला नाही, तर राग धरू नको म्हणावं. त्याचा जीव वाचवतायत.

उलट कैदेतसुद्धा सॅल्यूट सुटत नाही, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. 1949 च्या तिसऱ्या जीनिव्हा कराराच्या कलम 39 मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. अधिकारी नसलेल्या युद्धकैद्यांनी पकडणाऱ्या देशाच्या सगळ्या अधिकाऱ्यांना सॅल्यूट करायचा. कैदी स्वतः अधिकारी असेल तर त्यानं फक्त आपल्याहून वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यांना करायचा, आणि कॅम्प कमांडंटला मात्र त्याचा हुद्दा काहीही असला तरी. शत्रूच्या तुरुंगातही माणसाचा हुद्दा त्याच्याकडेच राहतो, हे या कलमातून मला दिसतं. हुद्दा काढून घेतला असता तर सॅल्यूटचा हिशोब लिहायची गरजच नव्हती.

आणि आजीसाठी एक गोष्ट. हुद्द्यांची ही शिडी काही ठिकाणी उलटी होते. पलटणीचं निशान, म्हणजे तिचा ध्वज, समोरून गेलं की जनरलही सॅल्यूट करतो आणि शिपाईही. तिरंग्याचंही तेच, गणवेशातल्यांनी सॅल्यूट करायचा, बाकीच्यांनी सावधान उभं राहायचं. 2015 च्या प्रजासत्ताक दिनाच्या परेडला उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी सॅल्यूट केला नाही म्हणून समाजमाध्यमांवर गदारोळ झाला होता, पण चूक त्यांची नव्हती. मानवंदना राष्ट्रपती घेतात आणि गणवेशात नसलेल्या इतरांनी सावधान उभं राहायचं असतं. ते तसेच उभे होते. परमवीर चक्र मिळालेल्या सैनिकाला त्याच्याहून वरच्या हुद्द्याचे लोक आपणहून सॅल्यूट करतात. टायगर हिलवर लढले तेव्हा योगेंद्रसिंग यादव 19 वर्षांचे होते आणि साधे ग्रेनेडियर होते. त्यांच्यासमोर हात उठवताना कोणी खांदा बघत बसत नाही.

आणि तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली की तिच्यात शिपाई आहे की कर्नल हे कोणी विचारत नाही. पुष्पचक्र वाहून जनरल एक पाऊल मागे येतो आणि त्या शिपायाला सॅल्यूट करतो. बंदुका उलट्या धरून ‘शोक शस्त्र’ होतं, बिगुलावर लास्ट पोस्ट वाजते. सेवेत अशा किती पेट्यांसमोर उभा राहिलो ते मोजत नाही. मुलाला सॅल्यूट करताना बाप लहान होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो जनरल लहान झालेला दिसला का ते सांगावं.

शेवटी कामाचं. वडिलांना गणवेशाबरोबर बेरे, बॅज आणि मेडल आठवणीनं घ्यायला सांगा, आणि बेरे सामानाच्या बॅगेत कोंबू नका, चुरगळतं. टोपी विसरली तर सॅल्यूट राहिला, मग ते नुसते सावधान उभे राहतील आणि सगळे फोटोवाले वाट बघत बसतील. फोटो काढणाऱ्याला सांगून ठेवा की वडिलांचा हात वर गेला की लगेच कॅमेरा खाली घ्यायचा नाही, कारण मुलाचा हात त्यानंतर उठणार आहे आणि फोटो त्या क्षणाचा हवा. आजीला पुढच्या रांगेत खुर्ची द्या. पाया पडायची वेळ आली की भाऊ आधी तिच्याकडे जाईल असं बघा, वडील तेवढं थांबतील.